एकोणचाळीस म्हणजे किती?

मेडशीत सोयाबीनचा भाव हवा असेल तर तालुक्याला, मालेगावला फोन लावावा लागतो. तुरीचा भाव ज्याच्या त्याच्या मोबाइलवर येतो. आणि जर्मनीतल्या थंडीचा भाव जानरावच्या ओट्यावर फुकटात मिळतो. सकाळी चूळ भरून जानराव ओट्यावर टेकला, चष्मा नाकावर ओढला आणि मोबाइल हातभर लांब धरला, की समोरच्या ललिताबाईचा खराटा थांबलाच म्हणून समजा.

"जानरावभाऊ, आज लेकीचा काय भाव निघाला?"

"नऊ."

"बाप्पा! काल तं चौदा होता ना?"

"पडला."

"अन् आपला?"

इथे जानराव घसा खाकरतो, उगाच चष्मा पुसतो. "आपला... अडतीस."

ललिताबाई पदराने मान पुसते, आकाशाकडे बघते, मग जानरावकडे बघते. "अडतीस? भाऊ, माही चप्पल दारात चिपकून राह्यली, अन् तुमच्या मोबाइलमंदी अडतीस? थंड हवेच्या ठिकाणचा मोबाइल घेतला का काय?"

जानराव मोबाइल खिशात टाकतो आणि चहा मागायला आत जातो. चहा नुकताच झालेला असतो, तरी जातो.

लोकांना वाटायचं, म्हातारपणी नजर गेली. नजर काही गेली नव्हती. पडद्यावर त्रेचाळीस आहे हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पण आपल्या मेडशीचं ऊन चार-पाच अंशांनी उतरवून सांगायचा सराव त्याने मार्चपासूनच धरला होता. सराव गल्लीत, आणि खरा प्रयोग संध्याकाळी फोनवर, लेकीपुढे.

जानरावची सारी उमर गेली मालेगावच्या दूध शीतकरण केंद्रात. पहाटेची एसटी पकडायची, केंद्रावर पोचायचं, गावोगावचे दुधाचे कॅन जीपमधून उतरले की झाकण उघडायचं आणि त्यात हातभर लांबीचं काचेचं थर्मामीटर बुडवायचं. धार काढल्या-काढल्या आलेलं दूध सदतीसच्या आसपास, दुरून आलेलं त्याहून उतरलेलं, आणि मशीनमधून निघालं की चार. चारावर आलं की दूध टिकतं. नाही आलं की नासतं. या चारच्या आकड्यावर जानरावची श्रद्धा एवढी की घरी वरण गरम लागलं तरी म्हणायचा, "भागिरथे, हे चारावर आणून वाढत जाय." भागिरथा, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "चारावरचं वरण तुमच्या डेअरीत जेवा."

पुढे केंद्र बंद पडलं. भंगारात निघालेल्या सामानातून ते थर्मामीटर तेवढं जानरावसोबत घरी आलं. निरोपाला शाल कुणी दिली नाही. हेच मिळालं असं समजायचं.

आता एक गंमत ऐका. इतकी वर्षं अंश मोजलेल्या या माणसाच्या डोक्यात अंशांचे तीन वेगवेगळे वाडे होते. दुधाचा अंश चार. उन्हाचा अंश चाळीस-पंचेचाळीस. आणि माणसाचा अंश शंभराच्या अलीकडे-पलीकडे: नव्याण्णव म्हणजे कणकण, शंभर म्हणजे ताप, एकशे दोन म्हणजे डॉक्टर. जमीन एकराने मोजावी, कापड मीटरने मोजावं, तसा हा ज्याचा त्याचा हिशेब. एका वाड्यातला आकडा दुसऱ्या वाड्यात पाणी मागायलाही जात नाही, अशी त्याची पक्की समजूत. हसू नका. तुमच्या घरातही पोराचा ताप एकशे एक असतो आणि टीव्हीवर अकोल्याचा पारा चव्वेचाळीस असतो. पोरगं अकोल्यापेक्षा दुप्पट तापलंय का, असा प्रश्न तुम्हाला तरी कधी पडला?

धम्मदीपा ही जानरावची एकुलती एक लेक. घरात दीपा. नर्सिंग शिकली, अकोल्याच्या दवाखान्यात लागली, मग नागपूरला जाऊन जर्मन शिकली आणि एक दिवस मॅग्डेबुर्ग नावाच्या गावी नोकरीला निघून गेली. जानराव त्या गावाला नुसतं 'बुर्ग' म्हणतो. जाताना तिने बापाच्या मोबाइलमध्ये दोन गावांचं हवामान लावून दिलं, वर मेडशी आणि खाली बुर्ग. म्हणाली, "बाबा, रोज पाह्यत जा. म्हंजे मी काय घालून निघाली ते समजत जाईन तुमाले."

तेव्हापासून तो रोज पाहतो. पाच असला की म्हणतो, "आज टोपी घातली असंन." शून्याच्या खाली गेला की त्या दिवशी घरात कुणी त्याच्याशी बोलायचं नसतं. एकदा उणे अकरा दिसला, तर भर दुपारी गोधडी काढून मांडीवर घेऊन बसला. ललिताबाईने विचारलं, "भाऊ, हिव भरलं का?" तर म्हणतो, "मले नाही." एवढंच. ललिताबाईसारखी बाईसुद्धा पुढे काही बोलली नाही, यावरून काय ते समजा.

गेल्या उन्हाळ्यात ती येणार होती. मे महिन्यात. भागिरथाने कुरड्या केल्या, सांडगे केले. मग फोन आला. सुट्टीचं जमत नव्हतं ते होतंच, पण बोलता बोलता दीपा सहज म्हणून गेली, "अन् बाबा, मे मंदी नकोच. आता ते ऊन सोसत नाही मले."

सहज म्हणालेली गोष्ट. पण जानरावच्या मनात ती कुसळासारखी रुतली. सुट्टी देणं न देणं त्या दवाखान्याच्या हाती. ऊन मात्र आपल्या गावचं, म्हणजे थोडंफार आपल्या हाती, असं त्याने मनाशी धरलं. यंदा फाल्गुनातच घराच्या टिनांवर चढून त्याने चुना फासला. खाली उतरला तेव्हा टिनापेक्षा तोच जास्त पांढरा झाला होता. खिडकीला पोत्याचे पडदे शिवले, त्यांवर दिवसातून चारदा पाणी मारायचा नेम धरला. कूलर आणला. गल्लीत ज्याने त्याने विचारलं, "जावई येऊन राह्यला का?" जानराव म्हणायचा, "माह्यासाठीच करून राह्यलो. वय झालं." आणि संध्याकाळी फोनवर लेकीला सांगायचा, "यंदा तं काहीच नाही वं. अडतीस. परवा तं पस्तीस होता. राती गोधडी लागते."

पण 'ये' हा एक शब्द काही त्याच्या तोंडून निघत नव्हता. आयुष्यभर दुसऱ्याच्या कॅनचं झाकण उघडलं, स्वतःचं काही उघडता आलं नाही.

मग ती एप्रिलातली दुपार आली. भागिरथा कामरगावला बहिणीच्या घरी लग्नाच्या पापडांना गेली होती. जानराव पोत्याच्या पडद्यावर पाणी मारून पाय पसरतो न पसरतो तोच फोन वाजला. एरवी दीपा चेहरा दाखवत फोन करते. आज नुसता आवाज होता, आणि तोही घोगरा.

"बाबा."

"बोल वं माय. आवाजाले काय झालं? बर्फ खाल्ला का तिकडला?"

"ताप आहे."

"किती?"

ती जराशी थांबली. मग म्हणाली, "एकोणचाळीस."

जानराव जो हसत सुटला, तो खाटेवरून पडायचाच बाकी राहिला. "एकोणचाळीस! अवं, याले ताप म्हंतेत का? एकोणचाळीसच्या माणसाले मुडदा म्हंतेत! आपल्या इथं सावलीतल्या कुत्र्याले याच्यापेक्षा जास्त असते." मग आपण रोज अडतीस सांगतो ते आठवून जीभ चावली. "म्हंजे... कधी कधी. एखाद्या दिवशी. अन् तू नर्स झाली तं झाली, ताप मोजाचंच इसरली का?"

मग ती हसली, पण हसण्यातच खोकला आला.

"हो ना बाबा," ती म्हणाली. "आई कुठं आहे?"

"कामरगावले. पापडाले गेली."

"बरं. ठेवते मग."

जानरावला तो फोन म्हणजे मेजवानीच झाली. त्याच संध्याकाळी ओट्यावर, दुसऱ्या दिवशी पारावर, तिसऱ्या दिवशी कटिंगच्या दुकानात त्याने ती गोष्ट रंगवून सांगितली. "जर्मनीतले लोक एवढे थंड, की एकोणचाळीसलेच ताप म्हंतेत!" लोक हसले. ललिताबाई तर खराटा टाकून हसली.

पण संध्याकाळचे फोन थांबले. मोबाइलवर नुसतं यायचं: बरी आहे. मग पुन्हा: बरी आहे, झोपते. जानराव बुर्गचा आकडा पाहायचा. अकरा, बारा, दहा. सगळं ठीकच दिसत होतं. हवामानात पोरगी दिसत नाही, हे त्याच्या ध्यानात यायला अजून अवकाश होता.

ते आलं राजपालच्या मेडिकलमध्ये. राजपाल म्हणजे बसस्टँडजवळचा दुकानदार, जानरावच्या डोळ्यांसमोर चड्डीत हिंडलेला. जानराव भागिरथाच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला गेला आणि गोळ्यांची चिठ्ठी काढायच्या आधी गोष्टच काढली. मुडद्यापर्यंत आला तरी राजपाल हसेना.

"काका," तो म्हणाला, "एकोणचाळीस म्हंजे एकशे दोन."

"काय एकशे दोन?"

"ताप. आपण फॅरनहाइटमंदी मोजतो, ते सेल्सिअसमंदी मोजतेत. एकोणचाळीस सेल्सिअस म्हंजे एकशे दोनच्या बी वर जाते." त्याने काउंटरखालून डिजिटल थर्मामीटर काढलं, बटन दाबून धरलं. पडद्यावरचा 'एफ' गेला, 'सी' आला. "पायलीनं मोजली का किलोनं मोजली काका, ज्वारी तेवढीच ना? आकडा बदलते. पाणी उकळलं तं एक म्हंते शंभर, दुसरं म्हंते दोनशे बारा. उकळते तं एकच पाणी."

"म्हंजे माणूस अन् ऊन..."

"एकाच मापानं मोजता येते. चांगला माणूस सदतीसवर असते."

जानराव पडद्यावरच्या 'सी'कडे वाकला. "धारेचं दूध बी सदतीसच असते," तो स्वतःशीच म्हणाला. इतकी वर्षं रोज सकाळी त्याने गाई-म्हशींच्या अंगाची ऊब मोजली होती आणि तिला दुधाचा अंश समजून बसला होता.

"कवाची गोष्ट आहे काका?" राजपालने हळूच विचारलं. "आता बरी आहे ना दीपा?"

जानराव गोळ्या तिथेच विसरून निघाला. रस्त्याने कुणी काही विचारलं तरी थांबला नाही. एकशे दोन ताप. परक्या मुलखात, खोलीत एकटी. आणि बापाने सांगितलं काय, तर मुडदा. त्यावर आणखी एक गोष्ट त्याला टोचत होती. पोरीचा तापसुद्धा आता तिकडच्या भाषेत गेला. जेवण गेलं, कपडे गेले, ते चालतं. पण ताप? लहानपणी ताप आला की ती हाताला बिलगायची, तो ताप आता आपल्याला ओळखूही येऊ नये?

भागिरथा त्याच दुपारी कामरगावहून परतली होती. पिशवी अजून खांद्यालाच होती. जानरावने उंबऱ्यात उभं राहूनच सगळं सांगितलं, मुडद्यासकट. मग म्हणाला, "पोरगी तिकडलीच झाली. ताप बी त्यांच्या मापात सांगते."

भागिरथाने पिशवी खाली ठेवली. "त्यांच्या नाही," ती म्हणाली. "तुमच्या."

"माह्या?"

ती आत गेली. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्यांच्याखाली फळी, फळीवर जुन्या रुमालात गुंडाळलेलं ते दुधाचं थर्मामीटर. ते तिने आणून त्याच्या हातात दिलं.

"दीपा बालवाडीत होती. तुमी डुटीवरून आले अन् हे खिशातच राह्यलं होतं. पोरगी तापानं फणफणली होती. घरात ताप पाहाचं काही नाही, तं तुमी हेच तिच्या काखेत लावलं. आठवते का? एवढं लांब, तिच्या हाताच्या बाहेर निघे. थंड लागलं म्हून ती तापातबी हासली. अन् ते चढलं एकोणचाळीसवर."

जानराव काचेवरच्या बारीक रेघांकडे बघत राहिला.

"तुमी म्हंटलं, एकोणचाळीस! हे दूध तं नासून जाईन! कॅनमंदी टाकू का तुले? चारावर आणू का? ते म्हंत म्हंतच तिले उचललं, भेटली ती जीप पकडली अन् मालेगावले नेलं. डॉक्टरनं सांगितलं एकशे दोन. तवापासून तुमी जगाले एकशे दोनच सांगत आले. पोरगी नाही इसरली. तुमी तं रोज डुटीवर. घरात ती बाहुलीले ताप आणे, वासराले ताप आणे, ललिताबाईच्या मांजरीच्या काखेत काडी लावून म्हणे, एकोणचाळीस! कॅनमंदी टाकू का?" भागिरथाने पदर डोळ्यांना लावला. "तिनं त्या दिवशी ताप नाही सांगितला तुमाले. त्याच्या पुढचं ऐकाले फोन केला होता."

पोत्याचा पडदा सुकून कडक झाला होता. त्यावर पाणी मारायचं जानरावला त्या दिवशी सुचलं नाही. ऊन कलतं झाल्यावर त्याने स्वतःच फोन लावला. एरवी फोन तीच करते. आपण लावला तर पोरीच्या कामात खोळंबा होतो, असा त्याचा समज. बराच वेळ घंटी वाजली.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. तुह्यं सांग. आता किती आहे?"

"नाही आता. उतरला."

"किती, ते सांग."

"साडेसदतीस." ती हसली. आवाज अजून बसलेलाच होता. "आपल्या सांगू का तिकडल्या मापात, बाबा?"

जानरावच्या एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात थर्मामीटर. त्याने ते गालाला लावलं. तेव्हा थंड लागलेली काच आज उन्हाने कोमट झाली होती.

"अर्धा जास्तच आहे," तो म्हणाला. "कॅनमंदी टाकू का तुले?"

पलीकडून आवाज आला नाही. जानरावला वाटलं रेंज गेली. तो उठून ओसरीत आला, मग अंगणात आला. ललिताबाई भिंतीपलीकडे वाळलेल्या मिरच्या गोळा करत होती, ती गोळा करायची थांबली. आणि मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि लहान पोरीसारखं, अगदी हलकं:

"नको बाबा."

मग तिनेच विचारलं, "मेडशीत किती आहे आज?"

जानरावच्या जिभेवर अडतीस तयार होता. सरावाचा होता. तो म्हणाला, "त्रेचाळीस. काल चव्वेचाळीस होता."

"मले माहीत आहे."

"कसं काय?"

"माह्या मोबाइलमंदी वर मेडशी नाही का? उठल्याबरोबर पाह्यते मी. तुमी रोज चार-पाच अंश गायब करत होते. मले वाटे, पाहू आज बाबा किती थंड करतेत गावाले. पस्तीस म्हंटलं त्या दिवशी तं मी ड्यूटीवर एकटीच हासत बसली."

जानराव मेलेल्या आवाजात म्हणाला, "तुले ऊन सोसत नाही म्हून."

"सोसत नाहीच, बाबा."

"टिनाले चुना मारला. कूलर आणला. पोते लावले खिडकीले, तं आत लय फरक पडते, खरंच पडते, आईले इचार. रांजणातलं पाणी..." तो अडखळला. टिन, कूलर, पोती, रांजण, सगळं सांगून झालं होतं. आता त्या एका शब्दाशिवाय सांगायला काही उरलं नव्हतं. "ये ना वं माय," तो म्हणाला. "करमत नाही."

"सुट्टी मांगितली आहे, बाबा. ताप याच्या आधीच मांगितली. मे चीच." मग घाईघाईने, "पण अजून हो म्हंटलं नाही त्याहीनं. आमच्या वॉर्डात माणसंच नाहीत. तुमी धरून चालू नका."

"नाही धरत," जानराव म्हणाला. आणि फोन ठेवल्याबरोबर पडद्यावर पाणी मारायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओट्यावर बसला. चष्मा नाकावर, मोबाइल हातभर लांब. शेजारी रुमालावर ते दुधाचं थर्मामीटर. ते त्याने पहाटेच रांजणात बुडवून पाहिलं होतं. पाणी काही चारावर येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी बुडवून पाहिलं.

समोरचा खराटा थांबला.

"भाऊ, काय भाव निघाला?"

"सदतीस."

"आपला का बुर्गाचा?"

"दीपाचा."

ललिताबाईला तो हिशेब कळला नाही, पण आदल्या दिवशी भिंतीपलीकडून जे ऐकायचं ते तिने ऐकलं होतं. "अन् आपला?" तिने विचारलं.

"त्रेचाळीस."

"आता कसं! मंग माह्या चपलीची काही चुकी नव्हती." ती दोन पावलं पुढे आली, आवाज खाली आणला. "येऊन राह्यली का मंग पोरगी?"

जानरावने मोबाइलकडे पाहिलं. वर मेडशी, खाली बुर्ग, रात्री आलेला दीपाचा 'सदतीस', आणि सुट्टीच्या निरोपाची जागा रिकामी. त्याने रुमालाच्या टोकाने काच पुसली. मोबाइलची नाही, थर्मामीटरची.

"अजून भाव फुटला नाही," तो म्हणाला, आणि मोबाइल खिशात न टाकता तसाच हातात धरून बसला.